आपोआप पडणारा गिअर

१

गाडी गॅरेजात आली की मिस्त्री आधी गाडीकडे पाहायचाच नाही, मालकाकडे पाहायचा. मालक सांगताना हात कुठे करतो, बायको शेजारी असताना कुठली गोष्ट गिळून टाकतो, यावरून निम्मा बिघाड कळतो असं त्याचं म्हणणं होतं. उरलेला निम्मा गाडी सांगते, आणि गाडी थापा मारत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या जुन्या गाड्या हा त्याचा हातखंडा. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांकडे अशी एखादी गाडी आली की ते ती मुकाट्याने त्याच्याकडे पाठवून द्यायचे.

"आपोआप असं काही नसतं हो," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "आत कुणीतरी राबत असतं, म्हणून बाहेर आपोआप वाटतं." हे 'कुणीतरी' म्हणजे ऑइलचा दाब आणि स्प्रिंगा, असं तो पुढे समजावून सांगायला लागायचा, पण तोवर गिऱ्हाईक हसून मोकळं झालेलं असायचं.

त्याच्या ताईच्या घरची पिकअप आली तेव्हा मालकाकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं, कारण मालक म्हणजे भावोजी. भावोजींनी ही पिकअप रंग बघून घेतली होती. "एवढी जुनी, पण रंग कसा टिकलाय बघा," हे गाडी दाखवताना त्यांचं पहिलं वाक्य होतं आणि दुसरं वाक्य त्यांच्याकडे नव्हतं. आधी ती कुणाकडे होती, काय वाहायची, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. गाडी घेतली होती ती लेकीसाठी. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणी ती एका जागी कधी बसली नाही आणि मोठेपणी एका नोकरीत कधी टिकली नाही. आता मात्र तिने स्वतःच्या हिमतीवर एक काम मिळवलं होतं. धुलाईच्या कारखान्यातून चादरी आणि अंगरखे उचलायचे आणि रोज सकाळी हॉस्पिटलात पोचवायचे. स्वतःची गाडी हवी आणि एक दिवसही खाडा चालणार नाही, एवढ्या दोनच अटी होत्या. काम सोमवारपासून सुरू होणार होतं.

"सपाट रस्त्यावर मध्येच गिअर खाली पडतो, मामा," भिंगरी म्हणाली. "इंजिन एकदम ओरडतं आणि गाडीला कुणी मागून धरल्यासारखं होतं."

"मध्येच म्हणजे कधी?"

"मध्येच म्हणजे मध्येच."

"वा! इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं."

तो एकटाच गाडी घेऊन ट्रायलला गेला. बाजारातून नेली, पुलावर चढवली, मोकळ्या रस्त्याला पळवली. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, सगळे गिअर जिथल्या तिथे आणि अलगद. परत येऊन त्याने किल्ली भिंगरीच्या हातावर ठेवली आणि तिचा पाय जड आहे, तिने आधी जेवण कमी करावं, असा सल्ला दिला. भिंगरी हसली नाही. तिचा चेहरा पाहून त्यालाही आपण उगाच बोललो असं वाटलं.

"तू चालव," तो म्हणाला. "मी शेजारी बसतो."

२

गिअरबॉक्स ऐकायची मिस्त्रीची पद्धत जुनी होती. तो डाव्या सीटवर बसायचा, पायाखालचं मॅटिंग उचलायचा, लांबलचक स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवरच्या पत्र्याला टेकवायचा आणि लाकडी मूठ कानाला लावायचा. दोन्ही हात त्यातच गुंतलेले, मान खाली आणि डोळे मिटलेले. डोळे उघडे असले की कान आळशी होतात, असं तो म्हणायचा.

भिंगरीला गाडी शिकवली होती ती त्यानेच, त्याच्या जुन्या साध्या गिअरच्या गाडीवर. तेव्हा तो तिच्या हातावर हात ठेवून गिअर टाकून घ्यायचा. "हात सैल सोड, मी नेतो तसा ने," एवढंच सांगायचा. ती पटकन शिकली होती. आता तिच्या शेजारी डोळे मिटून बसताना त्याला जिवाची धास्ती वाटत नव्हती, आणि या कौतुकाचा मोठा वाटा तो स्वतःकडेच ठेवत होता.

बाजार संपला. रस्ता मोकळा झाला तसा तिसरा गिअर पडला. मग मुठीतून एक बारीक आवाज आला, टक्. मागोमाग गिअरबॉक्समध्ये काहीतरी सरकलं, इंजिन ओरडलं आणि दोघेही पुढे झुकले. गाडी दुसऱ्या गिअरवर आली होती.

टक् हा आवाज मिस्त्रीच्या ओळखीचा होता. तो गिअरबॉक्समधून आलेला नव्हता. तो गिअरच्या दांड्याचा होता. दांड्याच्या डोक्यावर एक बटण असतं. ते अंगठ्याने दाबल्याशिवाय दांडा ड्राइव्हवरून खाली, दुसऱ्या गिअरवर येत नाही, आणि दाबलं की टक् वाजतं.

म्हणजे पोरगीच घाबरून दांडा खाली ओढते, हे उघड होतं. मिस्त्रीने डोळे उघडले तेव्हा दांडा खाली होता आणि तिचा डावा हात त्याच्यावर होता. तिने काही न बोलता दांडा परत वर केला. मिस्त्रीही बोलला नाही. एकदा सायकलच्या कारणावरून तो तिला रागावला होता आणि मग वर्षभर ती त्याच्या गॅरेजसमोरून तोंड फिरवून गेली होती. बहिणीची एकुलती एक लेक, काम अजून सुरूही झालेलं नाही, कशाला तिला टोचायचं? परतताना तोच प्रकार पुन्हा झाला. त्याही वेळी आधी टक् वाजलं.

"बघतो मी," गॅरेजात शिरताना तो म्हणाला. "होईल."

३

भिंगरीला दोष द्यायचा नाही असं ठरवलं, तरी गिअरबॉक्स तपासल्याशिवाय त्याला झोप लागली नसती. त्याने पिकअप खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरून ऑइल काढलं. ऑइल जळलं की काळं पडतं आणि नाकाला झोंबतं. हे स्वच्छ लाल होतं. तळाच्या ताटलीत एक लोहचुंबक असतं, आतल्या चकत्या झिजल्या की त्यावर लोखंडाची लुगदी साचते. चुंबकावर बोटाला लागण्याइतकीही धूळ नव्हती. ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी बारीक केबल ताणलेली असेल तर गिअर अवेळी पडतात, म्हणून ती मोजून पाहिली. ती जिथे असावी तिथेच होती. ऑइलचा दाबही ठीक होता.

इतक्या जुन्या गाडीत इतकं निरोगी गिअरबॉक्स त्याने पाहिलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. पण बिघाड सापडला नाही की मिस्त्री चिडायचा, आणि या वेळी तो नेहमीपेक्षा जास्त चिडला.

शेजारच्या गाळ्यातला वायरमन दार धरून उभा राहिला. दुसऱ्याच्या अडचणीत त्याला फार रस असायचा.

"हल्लीच्या गाड्यांत ते कॉम्प्युटर असतात," तो म्हणाला. "ड्रायव्हरची सवय शिकतात म्हणे. कुणाचा पाय जड, कुणाचा हलका, सगळं ध्यानात ठेवतात."

"हिच्यात कॉम्प्युटर नाही," मिस्त्री खड्ड्यातून म्हणाला. "हिच्यात ऑइल आहे. ऑइल काय शिकणार? कप्पाळ?"

नवं ऑइल, नवा फिल्टर घालून दोघं ट्रायलला गेले. आधी मिस्त्रीने चालवली, मग वायरमनने. मिस्त्रीने डोळे मिटून ऐकलं. टक् वाजलं नाही. वायरमन चालवताना एकसारखा बोलत होता, पण गाडी लोण्यासारखी चालली.

"गाडीत काही नाही," वायरमनने निकाल दिला. "भाची बदल."

मिस्त्री हसला. पण परत आल्यावर खाली उतरायचं सोडून तो डाव्या सीटवर उगाच बसून राहिला. गिअरच्या दांड्याचं बटण त्याने दाबून पाहिलं. स्प्रिंग कडक होती. धक्क्याने, खड्ड्याने, चुकून कोपर लागून ते दाबलं जाणं शक्य नव्हतं. अंगठ्याने, आणि तेही मनात आणूनच, दाबावं लागत होतं. मग घाबरलेली मुलगी चालत्या गाडीत इतका नेमका अंगठा कशी दाबते? आणि घाबरलेल्या माणसाचा श्वास वाढतो. त्याने डोळे मिटून तिचा श्वासही ऐकला होता. तो अगदी संथ होता.

४

दुसऱ्या दिवशी त्याने एक युक्ती केली. गिअरचा दांडा आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी एक जाड केबल असते. दांडा हलवला की ती निरोप खाली पोचवते. मिस्त्रीने ती खालून सोडवली. गिअरबॉक्सच्या बाजूची पट्टी ड्राइव्हवर सरकवून तारेने घट्ट बांधून टाकली. गाडी अशा अवस्थेतही चालू व्हावी म्हणून वायरमनकडून एक वायर जोडून घेतली. आता आत बसून दांड्याशी कितीही खेळलं तरी गिअरबॉक्सला त्याचा पत्ता लागणार नव्हता. गाडीने तरीही गिअर टाकला तर दोष गिअरबॉक्सचा, नाही टाकला तर भिंगरीचा. दूध का दूध, पाणी का पाणी.

त्याने भिंगरीला यातलं काही सांगितलं नाही.

मोकळ्या रस्त्याला तिसरा पडला. मिस्त्रीने मान खाली घातली, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. टक्. गिअरबॉक्स शांत राहिलं. इंजिन ओरडलं नाही. त्याने डोळे उघडले. दांडा खाली आला होता आणि तिचा हात त्यावर होता.

"हे बघ, भिंगरे," तो शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाला, "मी रागावत नाहीये. पण ऑटोमॅटिक गाडीत दांड्याला हात लावायचा नसतो. तू तो खाली ओढतेस, म्हणून हे होतंय."

भिंगरीने गाडी कडेला घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, पण त्याहून जास्त संकोच होता.

"मी ओढते?" ती म्हणाली. "मामा, तू ओढतोस."

"मी?"

"मग काय! हात ठेवतोस नि ओढतोस. मला वाटलं शिकवतोयस. मला वाटलं, मी चुकतेय म्हणून न बोलता दाखवतोयस. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, आता पुरे म्हणून? मी गप्प बसले."

मिस्त्रीने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एका हातात स्क्रू ड्रायव्हरची मूठ होती. दुसऱ्याने त्याचं टोक पत्र्यावर दाबून धरलेलं होतं. दोन्ही हात ऑइलने काळे होते. भिंगरीच्या डाव्या हाताची पाठ स्वच्छ होती.

तिनेही तेच पाहिलं. मग ती खिडकीतून बाहेर बघायला लागली.

"आणि तू एकटी चालवतेस तेव्हा?" त्याने विचारलं.

"एकटी चालवलीच नाहीये अजून. आधी बाबा असायचे शेजारी, मग तू. बाबांना मी सांगितलं होतं, माझ्या हातावर हात ठेवू नका. ते म्हणाले, मी कुठे ठेवला? मला वाटलं, चेष्टा करतायत. त्यांचा हात नुसता वर असल्यासारखा वाटायचा, गिअर गाडीच टाकते असं मी धरून चालले."

मिस्त्री मोठ्याने हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण दुसरं काय करायचं ते त्याला सुचेना. हात बधिर होतात, तो म्हणाला. इंजिनाची थरथर दांड्यातून हातात चढते, नस दबते, आणि काहीही वाटू शकतं. हे सांगताना त्याला ते पटत होतं. बटणाचं काय, हे भिंगरीने विचारलं नाही. तिने विचारू नये असं त्याला फार वाटत होतं.

५

पण ज्याने जन्मभर बिघाड शोधले तो अर्ध्यावर सोडणार कसा? गॅरेजात परतल्यावर तो पिकअपच्या मागच्या उघड्या हौद्यात चढला. हौदा आणि केबिन यांच्यामध्ये एक काच होती. ती त्याने फडक्याने लख्ख पुसली, गुडघे टेकले आणि दोन्ही बाजूंचे कठडे धरले. केबिनमध्ये भिंगरी एकटी होती. डावी सीट रिकामी होती. तिच्यावर त्याचा स्क्रू ड्रायव्हर पडलेला दिसत होता.

"मोकळ्या रस्त्यापर्यंत ने आणि परत आण," तो म्हणाला. "हात दांड्यावर ठेव. ओढू नकोस."

बाजारातून जाताना ओळखीची दोन माणसं त्याला हौद्यात गुडघ्यावर बसलेला बघून हसली. त्याने हात केला. ऊन चांगलं होतं. आपण भरदिवसा, भररस्त्यात, भाचीच्या हाताकडे टक लावून बसलो आहोत याची त्याला लाज वाटली आणि त्या लाजेचा जरा आधारही वाटला. असल्या गोष्टी अशा उजेडात होत नाहीत.

रस्ता मोकळा झाला. पुढे उतार लागणार होता.

भिंगरीच्या हाताची पाठ दबली. आधी त्याला काचेवरची सावली वाटली. मग दिसलं की बोटांच्या मागची कातडी पट्ट्यापट्ट्यांनी पांढरी पडली आहे, दुसऱ्याची बोटं वरून घट्ट मिटल्यावर पडते तशी. पट्ट्यांच्या मधली कातडी लाल होऊन वर आली होती. तिचा अंगठा बटणावर टेकला, आणि मग अंगठ्याचं नखही पांढरं झालं. दांडा खाली आला. उताराला लागण्याआधी तो तिथेच यायला हवा होता. भार घेऊन उतरणारा कुठलाही जाणता ड्रायव्हर नेमका तिथेच दुसरा टाकतो.

हे सगळं मिस्त्रीने पाहिलं आणि ते त्याला सहन झालं. पुढचं झालं नाही. भिंगरीने मान डावीकडे वळवली आणि होकार दिला. तिचे ओठ हलले. समजावून सांगणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला आपण "हो, हो, कळलं" म्हणतो, तसे. मिस्त्री बुटका होता. शेजारी बसून त्याच्याशी बोलताना भिंगरीची नजर सरळ असायची. आता ती वर गेली होती, जवळजवळ टपाला लागेल इतकी वर.

त्याने काचेवर मूठ आपटली. गाडी थांबेपर्यंत तो आपटत राहिला.

"काय झालं?" ती खाली उतरून म्हणाली.

"तू हो कुणाला म्हणालीस?"

"तुला."

"मी मागे होतो, भिंगरे."

ती विचारात पडली. डावा हात उजव्या हाताने चोळत राहिली. घाबरलेली दिसत नव्हती, आणि मिस्त्रीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मला वाटलं, कुणीतरी म्हणालं, आता इथे खाली टाक," ती म्हणाली. "आणि बरोबर होतं ना ते? उतार होता. मामा, मला काही त्रास नाही होत. खरं सांगू? बरं वाटतं. माझ्या कुठल्याच नोकरीत मला कुणी हात धरून काही शिकवलं नाही."

परतताना गाडी मिस्त्रीने चालवली. ती खुशाल चालली. भिंगरी डाव्या सीटवर त्याचा स्क्रू ड्रायव्हर मांडीवर घेऊन बसली होती आणि रस्ताभर गुणगुणत होती.

६

मिस्त्रीने आयुष्यात गिऱ्हाइकाला खोटा बिघाड सांगितला नव्हता. तो त्याने त्या दिवशी सख्ख्या बहिणीला सांगितला.

"गिअरबॉक्स गेलंय," तो ताईच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला. "दुरुस्त होण्यातलं नाही. भंगारात घाला."

भावोजी खुर्चीत मागे टेकले. "पण रंग—" त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"कालपर्यंत होईल म्हणत होतास," ताई म्हणाली. "सोमवारी तिचं काम सुरू होतंय. आता दुसरी गाडी कुठून उभी करू? अरे, तूच असं म्हणालास तर तिने बघायचं कुणाकडे?"

"काम दुसरं मिळेल."

"तिला? किती वर्षांनी मिळालंय, माहीत आहे ना तुला? पोरीच्या पोटावर पाय देतोयस तू."

भिंगरी दाराशी उभी होती. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. गिअरबॉक्स ठणठणीत आहे हे तिला माहीत होतं, आणि तिला ते माहीत आहे हे त्याला. खरं सांगावं असं त्याच्या जिभेवर आलं. पण सांगायचं काय? हात दिसला नाही, दाब दिसला. माणूस दिसला नाही, माणसाची उंची दिसली. ताईने त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं आणि मग गाडी दुसऱ्या गॅरेजला. त्या पोरीवर त्याचा जीव होता. तिने वर्षभरच काय, जन्मभर तोंड फिरवलं तरी चालेल, पण ती त्या गाडीत बसता कामा नये, एवढंच त्याला कळत होतं.

गॅरेजात परतून त्याने पिकअप खड्ड्यावर घेतली. गिअरबॉक्सची पट्टी न्यूट्रलवर आणली, तारेचे वेढे घातले, पकडीने पिळले. दांड्याची जाड केबल मुळासकट उपसून काढली. वायरमनला बोलावून दोघांनी गाडी ढकलत बाहेर भिंतीकडेला लावली. बॅटरीही काढावी का, असा विचार त्याच्या मनात आला. पण न्यूट्रलला बांधलेली गाडी चालू झाली तरी जागची हलत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हात इतके थकले होते की त्याने ते राहू दिलं.

७

सोमवारी सकाळी तो गॅरेजात आतल्या टेबलापाशी होता. उपसलेली केबल हातात घेऊन तिची टोकं पाहत होता. कुठे झीज नाही, कुठे पीळ नाही. भंगारवाला दुपारी येणार होता.

बाहेर इंजिन चालू झालं. आवाज पिकअपचा होता.

भावोजींकडे दुसरी किल्ली असणार हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. पण तो धावला नाही. त्याला वाईट वाटलं. पोरगी कपडे करून, केस विंचरून आली असेल, कामावर निघाली असेल. घेऊ दे दोन-चार वेळा रेस. गाडी हलत नाही म्हटल्यावर रडेल, मग आपण जाऊ, जवळ बसवू आणि जमेल तेवढं खरं सांगू. कसं सांगायचं हे जुळवत त्याने फडक्याला हात पुसले.

टक्.

आणि इंजिनाचा आवाज किंचित खाली बसला. फार थोडा. गिअर पडला आणि गाडीचं ओझं इंजिनावर आलं की बसतो तेवढाच. वायरमनला तो कळला नसता. मिस्त्रीचं अर्धं आयुष्य तो ऐकण्यात गेलं होतं.

तो केबल हातात धरूनच बाहेर धावला. पिकअप भिंतीपासून सुटली होती. ती रस्त्यावर आली, डावीकडे वळली आणि त्याच्या समोरून, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून गेली. पलीकडच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. त्यात चालवणाऱ्याची बाजू नुसती पांढरी दिसत होती. अलीकडची खिडकी उघडी होती आणि भिंगरी त्या खिडकीशी होती. डाव्या सीटवर. पाय जुळवलेले, दोन्ही हात मांडीवर एकावर एक ठेवलेले. तिने मिस्त्रीला पाहिलं आणि पाहुण्यांच्या गाडीतून निघालेल्या मुलीसारखं ओळखीचं हसली. मग उजवीकडे, वर बघून तिने मान हलवली.

पहिल्यावरून दुसरा पडला, दुसऱ्यावरून तिसरा. इतके अलगद गिअर त्याने स्वतः कधी टाकले नव्हते.

खिशातला फोन वाजत होता. तो किती वेळ वाजत होता कुणास ठाऊक. फोन ताईचा होता.

"काय रे, निघाली का भिंगरी?" ती म्हणाली. "किल्ली घेऊन तुझ्याकडेच येते म्हणाली होती."

"निघाली."

"म्हणजे दिलीस शेवटी गाडी! मला माहीतच होतं. गिअरबॉक्स गेलंय म्हणे! भाचीपुढे तुझं कधी चाललंय का? एकटीच गेली?"

रस्त्याच्या टोकाला वळण होतं. वळणाआधी पिकअपने वेग उतरवला आणि गिअर खाली पडला, जिथे पडायला हवा नेमका तिथे. मग ती दिसेनाशी झाली.

"नाही," मिस्त्री म्हणाला. "एकटी नाही."

"मग सुटले बाई मी," ताई म्हणाली. तिने सोडलेला निःश्वास त्याला फोनमधून ऐकू आला. "चालवतंय कोण?"